हुक कुठे अडकवलाय ते बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बांधकामाच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झालीस, बरं वाटलं. तू पाठवलेलं ट्रेनिंगचं प्रेझेंटेशन बघितलं. मेहनत दिसते, पण स्लाइडवर मथळे इंग्रजीत आणि समोर बसणार कोण, तर परवाच झारखंडहून आलेला बिगारी आणि लातूरकडचा सेंटरिंगवाला. ते ऑडिटसाठी राहू दे.

सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधी मजुरांशी सुरक्षेबद्दल बोलायला, जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्यात एकच विषय घे, तोही त्या दिवशीच्या कामाचा. खोदकाम असेल तर दीड मीटरच्या खाली गेलं की बाजूंना आधार हवा आणि काढलेली माती काठावर रचायची नाही, बस्स. हिंदीत बोल. जमलं तर मुकादमालाच बोलू दे. तुझं ते ऐकून घेतील, त्याचं ऐकतील; हजेरी त्याच्या हातात असते.

उंचीवर काम करताना घालायच्या सेफ्टी बेल्टचं मात्र तोंडी शिकवू नकोस. प्रत्येकाला घालायला लाव आणि मागून बघ: पाठीवरची रिंग दोन्ही खांद्यांच्या मधोमध हवी, मांड्यांचे पट्टे आवळलेले हवेत. मग हुक. बहुतेक जण तो पायाजवळच्या पाइपला अडकवतात, कारण वाकलं की हाताला तोच लागतो. आता हिशेब त्यांच्यासमोर टेप लावून कर. दोरी पावणेदोन मीटरच्या आसपास, झटका सोसणारी पट्टी उसवली की आणखी मीटर-दीड मीटर, वर माणसाची उंची. म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बेल्ट घालूनही जमिनीवर आपटू शकतो. हुक डोक्याच्या वर, लाइफलाइनला, म्हणजे त्यासाठीच पक्क्या बांधलेल्या दोराला. आणि बेल्टला दोन दोऱ्या, दोन हुक हवेत; जागा बदलताना त्यांतला एक कायम अडकलेला. हे त्यांनी तुला करून दाखवायचं, तू त्यांना नव्हे.

आणि लटकलेल्या माणसाला खाली कसं घेणार? बेल्टमध्ये नुसतं लोंबकळत राहणंही काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. अग्निशमन दलाची वाट बघण्याइतका वेळ नसतो. पुतळा टांगून सराव घे.

हेल्मेटसाठी दंड लावायची हौस प्रत्येक नव्या ऑफिसरला असते. दंड मजुराच्या रोजातून जातो, परांचीवर फळी कमी टाकणारा ठेकेदार मोकळाच. आधी त्याच्याकडे बघ. फळी नाही म्हणून वर चढायला नकार देणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडणार नाही, हे प्रोजेक्ट मॅनेजरकडून लेखी घे. लेखीच.

लेबर कॅम्पवरही चक्कर मार, पावसाळ्याआधी तर नक्कीच. जून 2019 मध्ये पुण्यात कोंढव्याला सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जीव गेले, तेव्हा कामाची वेळ नव्हती; मध्यरात्र उलटून गेली होती. तुमच्या कॅम्पमागे भिंत किंवा खोदलेला उतार आहे का, ते बघून कळव. फोटोही पाठव.

तुझा,
काका