नाळ जपून ठेवायची आहे? आधी एवढं करा

ताई, मनापासून अभिनंदन! पहिली गोष्ट, बाळाच्या बेंबीवरचा नाळेचा तुकडा ओढू नका, अगदी लोंबत असला तरी. साधारण 1 ते 3 आठवड्यांत तो आपोआप पडतो. तोवर जागा कोरडी ठेवा, लंगोट बेंबीच्या खाली बांधा. तेल, हळद, राख काही लावायचं नाही, घरातल्या मोठ्यांनी कितीही सांगितलं तरी. लाली पसरली किंवा पू आला तर थेट डॉक्टर.

पडल्यावर बहुतेकजण चुकतात ते इथे:

- लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि बुरशी येते. आधी सावलीत कडक वाळू द्या, मग कागदाच्या पुडीत घालून डबीत ठेवा.
- तारीख लिहायची राहते.

वारेचा (म्हणजे बाळानंतर बाहेर पडणाऱ्या प्लासेंटाचा) विचार सध्या सोडा. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. बाळाच्या मनगटावरची नावाची पट्टी मात्र घरी येताना आठवणीने घ्या.