गदर चळवळीतील मराठी माणसे

प्रश्न : अमेरिकेतील गदर चळवळ पंजाबी स्थलांतरितांची होती, असे वाचले. तिच्यात मराठी माणसे होती का?

उत्तर : होती, आणि त्यांचा वाटा विसरण्याजोगा मुळीच नाही. भारतातील ब्रिटिश सत्ता सशस्त्र उठावाने उलथवू पाहणाऱ्या या चळवळीचा कणा मात्र पंजाबी मजुरांचाच होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या आणि वर्णद्वेषाचे चटके सोसणाऱ्या या माणसांनी पदरमोड करून वर्गणी दिली, म्हणूनच १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ साप्ताहिकाचा पहिला उर्दू अंक निघू शकला. शूर शिपाई हवेत, पगार मृत्यू, बक्षीस हौतात्म्य, अशा आशयाचे त्यातील आवाहन आजही अंगावर काटा आणते.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे या चळवळीच्या आरंभीच्या संघटकांपैकी होते. पुढे ते मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून परतले आणि सैन्यात उठाव घडवण्याच्या खटपटीत असताना मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात, चळवळीतील अवघ्या १९ वर्षांचे सहकारी कर्तारसिंग सराभा यांच्यासह त्यांना फाशी देण्यात आली.