आरसे नंतर लाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, नव्या कथक क्लासच्या हॉलचे फोटोही पाहिले. आरसे भिंतभर लावावेत की अर्धी भिंत पुरे, क्लासचं नाव संस्कृत ठेवावं की सोपं, फी दरमहा घ्यावी की तीन महिन्यांची एकदम, गणपतीत सोसायटीवाले सिनेमाच्या गाण्यावर पोरांना नाचवा म्हणाले तर काय करायचं. सगळं विचारलंस. पहिले सहा महिने त्या पोरांना शिकवणार काय, हे मात्र एकदाही आलं नाही. विशारदची परीक्षा झाली, त्यापुढच्या अलंकारची तयारी चालू आहे, तेव्हा तुला कथक येतं की नाही हा प्रश्नच नाही. तू घाबरली आहेस आणि म्हणून आरशांबद्दल बोलते आहेस, एवढं मला कळतं.

माझं सांगणं एकच आहे आणि ते तुला पाठ आहे. आधी तोंडात, मग हातात, मग पायात.

आमच्या बाई ओसरीवर मटार सोलत बसायच्या आणि आम्ही पोरी समोर मांडी घालून हातावर टाळ्या देत सोळा मात्रांचा त्रिताल धरायचो. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. एकपट, दुप्पट, चौपट. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळीशिवायची जागा, नुसत्या हाताने दाखवताना कुणाचा हात आळसाने मांडीवर पडला, तर बाई मान वर न करता विचारायच्या, "खाली कुठंय?" खालीला आवाज नसतो आणि आमचा झालेला असायचा. घुंगरू तर कित्येक महिने हातातसुद्धा दिले नाहीत. आई वैतागून म्हणायची, ही नाचायला जाते की पाढे म्हणायला? मलाही राग यायचा. पण पुढे घुंगरू बांधले, तेव्हा पायांना निराळं काही शिकवावं लागलं नाही.

तुझ्यासमोर बसणारी पोरं कुठे अडतील, आत्ताच सांगून ठेवते. खालीपासून उचललेली साधी तीन-तीन मात्रांची तिहाई घे, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायचा. 9, 10, 11. मग 12, 13, 14. मग 15, 16 आणि सम. कागदावर किती सोपं! पण तेराव्या मात्रेची टाळी दुसऱ्या पल्ल्याच्या बरोबर मधे पडते आणि पोर तिथेच सुटतं. टाळी आली म्हणजे काहीतरी सुरू झालं, असं त्याला वाटतं. हे त्याच्या पायांत बघून तू महिनोन्‌महिने "चुकतंय, पुन्हा" म्हणत राहशील. खाली बसवून हातावर म्हणायला लावलंस, तर कुठे सुटलं ते त्याचं त्यालाच कळेल. आरशात ते दिसत नाही गं. आरशात हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली दिसतात, कंबर दिसते, शेजारणीचा नवा कुडता दिसतो. आरसा आला की कान मिटतात. माझ्या हॉलमध्ये आजही आरसा नाही आणि त्यावरून मला जुनाट म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणोत.

ऑनलाइन शिकवायला लागल्यावर तर माझा हट्ट दुप्पट झाला. न्यू जर्सीतल्या पोरीला मी इथून ठेका म्हणते, तो तिला क्षणभर उशिरा पोचतो. ती त्यावर नीट नाचते, पण तिचे पाय माझ्यापर्यंत येईस्तोवर आणखी उशीर. तिच्या घरी सम बरोबर, माझ्या कानाला चूक! शेवटी लहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, तिच्याच बाजूला लावायचा, ताल तिनेच हातावर धरायचा, आणि मी नुसतं ऐकायचं. जिला पढंत, म्हणजे ताल धरून बोल तोंडाने म्हणणं, येते तिचं निभतं. जिला येत नाही, तिला सातासमुद्रापार कोण धरून ठेवणार?

दहावीच्या वाढीव गुणांसाठी येणारे पालक तुलाही भेटतील. "मॅडम, परीक्षा कधी?" हा पहिला प्रश्न. त्यांच्यावर चिडू नकोस, गुण मिळतात तर का घेऊ नयेत? परीक्षेला बसव. हातावर ताल देऊन बोल म्हणायला तिथेही सांगतात, म्हणजे आपलंच काम होतं. गणपतीतलं गाणंही बसव हवं तर, मी सोवळी नाही. फक्त त्या गाण्याची मात्रा पोरांना मोजता आली पाहिजे. आधी तोंडात, मग हातात.

नावाची एवढी घाई कशाला? कथकच्या रोहिणीताई भाट्यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली, आणि संस्था काढल्यावरही त्या लच्छू महाराज, मोहनराव कल्याणपूरकर या कथकगुरूंकडे शिकत राहिल्या. पाटी लागली म्हणून विद्यार्थीपण संपलं नाही. तू मात्र पाटीचा फॉन्ट निवडत बसली आहेस.

रागावले, माफ कर. तुझ्या वयाची असताना मला स्टेजवरचे कार्यक्रम हवे होते. माझ्याबरोबरीच्या दोघी-तिघी दौरे करत होत्या आणि मी संध्याकाळी पाच ते आठ पोरांच्या टाळ्या मोजत होते. त्याची रुखरुख आहे, नाही कशाला म्हणू? पढंतीवर अडून बसल्यामुळे एका वर्षी जवळजवळ अर्धी बॅच पलीकडच्या गल्लीतल्या क्लासला गेली. तिथे तीन महिन्यांत स्टेजवर उभं करत. घरातले म्हणाले, थोडं सैल कर. केलं नाही. भाडं थकलं, तरी केलं नाही. माझ्या पोरींमधून मोठं नाव फार कुणाचं झालं नाही, हे लोक मला ऐकवतात. पण माझी एकही पोर नाचताना सम शोधायला तबलजीच्या तोंडाकडे बघत नाही. तबलजीच मला हे सांगतात, मी नव्हे. बरं, मी नव्हे म्हणता म्हणता मीच सांगितलं की!

आता हॉलचं. फोटोत फरशी चकचकीत दिसते आहे. सिमेंटवर बसवलेली व्हिट्रिफाइड टाइल असेल, तर टाचेचा प्रत्येक आघात गुडघ्यात परत येतो. पोरांचं निभेल, दिवसाला तीन बॅच घेणाऱ्या तुझं नाही. लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल वरून अंथरून देतो असं मालक म्हणेल, त्याला हो म्हणू नकोस. खाली लाकडी पट्ट्या टाकून वर फळ्या किंवा जाड प्लाय बसवायला किती येईल ते सुताराला विचार. आरशांचे पैसे त्यात घाल. आणि तळमजल्याचा हॉल मिळतो का बघ, खालच्या मजल्यावरच्यांनी तत्काराच्या, पाय आपटण्याच्या आवाजाची तक्रार केली की सोसायटी आधी तुलाच बाहेर काढेल.

करारावर सही करायच्या आधी मला एकदा हॉल दाखव. रविवारी सकाळी मोकळी आहे.

तुझी,
ताई