‘फाशी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आलाय: मुलीच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे, विषय ‘फाशीची शिक्षा रद्द करावी का’. तिनं भाषणात ‘भगतसिंगांना फाशी दिले’ असं लिहिलं. बाईंनी ‘दिले’ खोडून ‘दिली’ केलं. बरोबर कोण? शिवाय ‘फाशी’, ‘मृत्युदंड’ आणि ‘देहान्त प्रायश्चित्त’ यांतलं काय वापरावं?

दुसरा भाग आधी उरकतो. मृत्युदंड हे शिक्षेचं नाव, फाशी ही ती अमलात आणायची रीत. ‘देहान्त प्रायश्चित्त’ मात्र या रांगेत बसतच नाही. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधल्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी राघोबादादांना ते सुनावल्याचं आपण शाळेपासून ऐकतो. पण शिक्षा दुसऱ्यानं द्यायची असते, प्रायश्चित्त ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. कोर्ट कुणाला प्रायश्चित्त देत नाही. हा शब्द बातमीत वापरणाऱ्यांनी कृपा करून थांबावं.

आता मला खरं छळणारं वाक्य: ‘फाशी झाली’. मागच्या आठवड्यात केस कापायला बसलो होतो. समोरच्या टीव्हीवर लाल पट्टी, ‘आरोपीला फाशी’. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, ‘संपला एकदाचा.’ संपलं काहीच नव्हतं. सत्र न्यायालयानं शिक्षा ठोठावली होती, एवढंच. ती उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. (आणि दोष सिद्ध झाल्यावर तो ‘आरोपी’ कसला? दोषी म्हणा.) 2022 या एका वर्षात देशातल्या खालच्या न्यायालयांनी 165 जणांना ही शिक्षा सुनावली. 2004 ते 2020 या सगळ्या काळात प्रत्यक्ष फासावर गेले आठ. एकच ‘फाशी’ हा शब्द दोन्हीकडे लावला तर बाजूनं बोलणाऱ्याला वाटतं जरब बसली, विरोधात बोलणाऱ्याला वाटतं रोज माणसं लटकतायत. दोघांचाही हिशेब चुकतो.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणी आठवा. 2001 मध्ये त्यांना शिक्षा झाली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, 2014 मध्ये दयेचे अर्ज फेटाळले गेले, आणि अर्जांचा निकाल लावायला फार उशीर केला म्हणून 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शिक्षेची जन्मठेप केली. वीस वर्षं आपण त्यांना ‘फाशी झालेल्या’ म्हणत होतो. झालं काय होतं? गळ्यात फास अडकवून ठेवला होता, तो आवळलाही नव्हता आणि सोडलाही नव्हता.

आणि ‘फास’ या शब्दाचा मूळ अर्थ अगदी हाच आहे, हे सांगायला मी कधीचा थांबलोय!

संस्कृत ‘पाश’, त्याचा ‘फास’. आरंभीच्या ‘प’चा ‘फ’ कसा झाला म्हणून दचकू नका. पनसाचा फणस झाला, परशूची फरशी (कुऱ्हाड) झाली, तसाच हा. पाश म्हणजे बांधायची दोरी. लॅटिनमधला शांतता आणि तह या अर्थाचा ‘पाक्स’ हा शब्दही बांधण्याच्या अर्थाच्या त्याच जुन्या धातूकडे नेतो. मारणं या शब्दात कुठेही नाही. फासेपारधी तितर-लाव्यांसाठी जो फास लावतात त्यात पाखराचा पाय अडकतो, पाखरू जिवंत हाती येतं.

पाशाची सर्वांत मोठी गोष्ट ‘ऐतरेय ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथात आहे, शुनःशेपाची. हरिश्चंद्राच्या मुलाऐवजी बळी देण्यासाठी अजीगर्तानं आपला मुलगा शंभर गायींना विकला. त्याला यूपाला, म्हणजे यज्ञातल्या बळीच्या खांबाला, बांधायला कुणी पुढे येईना. तेव्हा आणखी शंभर गायी घेऊन बापानंच बांधलं. मारायलाही कुणी धजेना. आणखी शंभर घेऊन तोच सुरा पाजळत आला. बांधण्याच्या गायी वेगळ्या, मारण्याच्या वेगळ्या! त्या दोहोंच्या मधल्या वेळात मुलगा प्रार्थना करत राहिला. ‘उदुत्तमं वरुण पाशमस्मत्’, वरचा पाश सैल कर, मधला कर, खालचा कर, ही ऋग्वेदातली ऋचा त्याचीच. एकेका ऋचेनं पाश सुटत गेले. शिक्षा आणि अंमल यांच्या मधल्या जागेत माणूस काय करतो, ते इतकं स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेलं नाही. विरोधाचा सर्वांत भक्कम मुद्दाही तिथेच आहे: बांधलेला निर्दोष निघाला तर गाठ सोडता येते, नंतर काही करता येत नाही. फाशी हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दाही मी हलका लेखत नाही. ज्यांचं लेकरू गेलं त्यांनाही वीस वर्षं त्याच मधल्या जागेत उभं ठेवलेलं असतं.

आता ‘दिले’ की ‘दिली’. बाई म्हणतील, कोशात फाशी स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘दिली’. कोशात आहे, मान्य. पण कोशकारांनी ‘फाशी गेला’ या प्रयोगाकडे नीट पाहिलेलं नाही असं माझं ठाम मत आहे. माणूस घरी जातो, गावी जातो, तसा फाशी जातो. ‘शिक्षा गेला’ असं कुणी म्हणतं का? मला ही ‘फास’ची सप्तमी वाटते. म्हैस-म्हशी तसं फास-फाशी. जुन्या शिक्षांची नावं ओळीनं म्हणून पाहा: तोफेच्या तोंडी दिलं, हत्तीच्या पायी दिलं, सुळी दिलं, फाशी दिलं. चारही रूपं एकाच साच्यातली. तोंडी ‘दिली’ नाही, पायी ‘दिली’ नाही, मग फाशीच तेवढी ‘दिली’ का?

हा शब्द हिंदी ‘फाँसी’वरून उचलला असं सांगणारेही भेटतात. उचलला असता तर नाम म्हणून आला असता आणि ‘दिलं’ हे रूप जिभेवर रुळलंच नसतं. माझी आजी ‘फाशी दिलं’ म्हणायची, तुमच्या मुलीलाही तेच सुचलं. पुढे ‘फाशी’चं स्वतंत्र नाम झालं, ‘फाशीची शिक्षा’ आली, त्यामुळे ‘फाशी दिली’ चूक ठरत नाही. पण ‘दिले’ खोडायचं कारण नव्हतं, हे बाईंना जरूर सांगा.

भाषणासाठी मुलीला एक करायला सांगा. डॉ. आंबेडकर 3 जून 1949 रोजी संविधान सभेत म्हणाले होते की ही शिक्षाच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती घटनेला धरून आहे असं ठरवलं, मात्र ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणापुरती. पाचांपैकी न्यायमूर्ती भगवतींचं मत वेगळं पडलं. ती ज्या बाजूनं बोलणार असेल त्या बाजूनं हे वापरावं. पण प्रत्येक वाक्यात शिक्षा ठोठावली, कायम झाली, माफ झाली की अमलात आली, हे क्रियापद नेमकं लिहावं. नुसतं ‘फाशी झाली’ दिसेल तिथे खोडावं.