पिंग हाय आहे म्हणजे नेमके काय?

प्रश्न : नातू मोबाइलवर गेम खेळताना ‘पिंग हाय आहे’ म्हणून ओरडतो. सुनेला ऑफिसातून ‘पिंग कर’ असे निरोप येतात. २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानाच्या बातम्यांतही पिंग असायचा. हे सगळे एकच का?
– एक आजी, सांगली

उत्तर : ताई, सुनेचा पिंग सोडून द्या, तो नुसता ‘मेसेज टाक’. नातवाचा मात्र थेट पाणबुडीच्या घराण्यातला. मी नौदलात सोनारवर, म्हणजे पाण्यातल्या वस्तू आवाजाने शोधणाऱ्या यंत्रावर, बसायचो, म्हणून तिथूनच सांगतो. पाण्यात आवाजाचा एक ठोका, म्हणजेच पिंग, सोडायचा आणि कान लावायचा. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला तर वस्तू दीड किलोमीटरवर. तो चढ्या पट्टीत आला तर समोरचा जवळ येतोय, उतरलेल्या पट्टीत आला तर लांब चाललाय. पेटी वाजवणारी पोरे हा फरक पटकन पकडायची. पण ठोका सोडला की आपलाही ठावठिकाणा फुटतो, म्हणून पाणबुडी शक्यतो गप्प राहून नुसती ऐकते.

अमेरिकेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कमधला बिघाड शोधायला छोटा प्रोग्राम लिहिला आणि सोनारवरूनच त्याला हे नाव दिले. एक संगणक दुसऱ्याला ‘आहेस का?’ विचारतो आणि उत्तराला किती वेळ लागला ते मोजतो. नातू बोंबलतो तो त्या मिलिसेकंदांवरून (सेकंदाचा हजारावा भाग); ते वाढले की पिंग हाय. समजा गेमचा सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा दूरचा संगणक, सिंगापूरला आहे. मुंबई–सिंगापूर सुमारे ३९०० किलोमीटर. इंटरनेटच्या फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या तारेत, प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तरी लागणारच. नवा राउटर मागत असेल तर आधी सर्व्हर कुठल्या देशात आहे ते विचारा.

विमानाच्या बातम्यांत दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाने छापल्या जायच्या, तेव्हा मी पेपर आपटायचो. उपग्रह आणि विमान यांच्यात साधारण तासातासाने सवाल-जवाब झाले. त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर निघाले, आणि लहरींच्या वारंवारतेतल्या फरकावरून विमान दक्षिणेकडे गेल्याचे कळले. म्हणजे आमचीच पट्टीची युक्ती. दुसरी गोष्ट ब्लॅक बॉक्सचा पिंगर, म्हणजे त्याला जोडलेले ठोके देणारे यंत्र. तो कुणाला काही विचारत नाही. पाण्यात पडला की सेकंदाला एक ठोका देत राहतो, तेव्हाच्या नियमाप्रमाणे किमान ३० दिवस. तोही ३७.५ किलोहर्ट्झवर, म्हणजे माणसाच्या कानापलीकडे. पल्ला जेमतेम काही किलोमीटर, त्यामुळे पाण्यातला मायक्रोफोन जहाजामागे ओढत समुद्र विंचरावा लागतो.