टेलिफोनची तार कापली गेली तर घरच्या अलार्मचे काय?

नमस्कार.

मिरजेच्या घरी आई-वडील दोघेच राहतात आणि आपण पुण्याला असता. घरातले नऊ वर्षांपूर्वीचे अलार्म पॅनेल लँडलाइनवरून तीन नंबरांना ध्वनिमुद्रित निरोप देते. गेल्या पंधरवड्यात एका सकाळी फोन बंद आढळला, तेव्हा कुंपणाच्या भिंतीजवळ तार पक्कडीने कापावी तशी सरळ तुटलेली दिसली; चोरी मात्र काही झाली नव्हती. आता ती तार लोखंडी पाइपातून घेतली तर पुरेल का, असे आपण विचारले आहे. नाशिकला बावीस वर्षे घरोघरी अलार्म बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करत असल्यामुळे हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

पाइप जरूर घालावा, पण ते काम शेवटी करावे. आपल्या भिंतीवरची चार-पाच मीटर तार पाइपात गेली, तरी खांबापासून घरापर्यंतची तार उघडीच राहते, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचा डीपी बॉक्स (जिथून घरोघरच्या तारा फुटतात ती पेटी) तर कित्येक ठिकाणी झाकणावाचून उभा असतो. त्या भागावर आपला ताबा नाही. म्हणून तार कधीच कापली जाणार नाही अशी खात्री मिळवण्यात पैसे घालण्यापेक्षा, ती कापली गेल्याचे दोन मिनिटांच्या आत कुणाला तरी कळेल, अशी व्यवस्था आधी करावी. त्या सकाळी फोन लावायला गेल्यावर लाइन बंद असल्याचे वडिलांना समजले, म्हणजे रात्रभर पॅनेल गप्प होते. माझ्या दृष्टीने तुटलेल्या तारेपेक्षा हे गप्प राहणे अधिक गंभीर आहे.

तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब सतत येत असतो. रिसीव्हर उचलला की तो दहा व्होल्टच्या आसपास उतरतो, आणि तार तुटली की शून्यावर जातो. हा दाब सतत पाहत राहण्याची सोय त्या काळच्या बहुतेक चांगल्या पॅनेलमध्ये आहे. अडचण अशी, की पुष्कळ घरांत ती बंद करून ठेवलेली असते. पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरते, लाइन दिवसातून चार वेळा जाते-येते, कीपॅड टुकटुक करत राहतो, घरातली माणसे वैतागतात, आणि बसवणारा तंत्रज्ञ एकदाच येऊन ती देखरेख कायमची बंद करून जातो.

गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात नेमके हेच झालेले मी पाहिले आहे. कुटुंब दिवाळीत गावाला गेले होते. चोरांनी आधी तार कापली आणि मग मागचे दार उचकटले. भोंगा वाजला, पण ठरवून दिलेली दहा मिनिटे संपल्यावर थांबला, आणि सणाच्या फटाक्यांत शेजाऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी मी कीपॅडवर नोंदी उघडल्या, तेव्हा मागच्या दाराच्या एका ओळीखाली ‘कॉल अयशस्वी’ हीच ओळ पुन्हा पुन्हा आली होती. यंत्राने आपले काम केले होते, पण निरोप जाण्याची वाटच उरली नव्हती. लाइनची देखरेख चालू असती तर दाराला हात लागण्यापूर्वीच भोंगा वाजला असता. ती मॅन्युअलमध्ये एका ओळीत दिलेल्या सेटिंगने बंद केलेली होती, आणि घरमालकांना त्याची कल्पनाही नव्हती.

म्हणून आपण मिरजेला जाल तेव्हा पहिले काम हे करा. पॅनेल आर्म न करता, म्हणजे पहाऱ्यावर न लावता, लाइनचा प्लग काढा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. कीपॅडने लाइन गेल्याचे सांगितले तर ठीक. काहीच झाले नाही तर देखरेख बंद आहे असे समजा आणि ती चालू करून घ्या. तंत्रज्ञाला स्पष्ट सांगा, की घर आर्म असताना लाइन गेली तर भोंगा वाजला पाहिजे, आणि आर्म नसताना नुसता कीपॅड वाजला तरी चालेल. मध्ये साठ ते नव्वद सेकंदांचा अवधी ठेवला, म्हणजे क्षणभर लाइन गेल्याने खोटा भोंगा वाजत नाही. इतके करूनही पावसाळ्यात त्रास होत असेल, तर देखरेख बंद न करता लाइन दुरुस्त करून घ्यावी.

दुसरी गोष्ट जोडणीच्या क्रमाची. बाहेरून आलेली तारांची जोडी आधी पॅनेलमध्ये गेली पाहिजे आणि तिथून पुढे घरातल्या फोनकडे, म्हणजे अलार्मच्या वेळी पॅनेल घरातले सगळे फोन बाजूला काढून लाइन स्वतःकडे घेऊ शकते. आपल्याकडे सर्रास रोझेटपासून (भिंतीवरच्या फोनच्या जोडडबीपासून) समांतर तार ओढून पॅनेलला दिलेली आढळते, आणि मग एखाद्या खोलीतला रिसीव्हर नुसता खाली काढून ठेवला तरी पॅनेलला डायल करता येत नाही. हे तपासणे सोपे आहे. हॉलमधला रिसीव्हर उचलून बाजूला ठेवा, अलार्म वाजवा, आणि आपल्या मोबाइलवर कॉल येतो का पाहा.

यानंतर दुसरी वाट. तारेची वाट कितीही चोख असली तरी ती एकच आहे, म्हणून पॅनेलला सिमकार्डावर चालणारा संदेशवाहक जोडून घ्यावा. जुन्या पॅनेलला तो वेगळा जोडता येतो, त्यासाठी सगळी यंत्रणा बदलावी लागत नाही. तो फोरजीचाच घ्या. बाजारात अजून स्वस्तात मिळणारे टूजीचे संच जिओच्या सिमवर चालत नाहीत, कारण जिओकडे टूजी मुळातच नाही, आणि ज्या कंपन्यांकडे टूजी आहे त्यांच्याकडेही ते किती वर्षे राहील यावर घराची सुरक्षा टांगणे योग्य नाही. तार कापणाऱ्याला सिम थांबवता येत नाही, आणि मोबाइलचे नेटवर्क अडवणाऱ्याला तारेवरचा कॉल थांबवता येत नाही. पण हे तेव्हाच खरे, जेव्हा एक वाट गेल्याचा निरोप दुसरी वाट ताबडतोब देते. ही तपासणी तंत्रज्ञासमोर उभे राहून करून घ्या: तार काढायची आणि मोबाइलवर संदेश येईपर्यंत घड्याळ पाहायचे.

सिमच्या बाबतीत मी पाहिलेले बहुतेक घोटाळे चोरांनी केलेले नव्हते. रिचार्जची मुदत संपलेली असते, आणि ते सिम कुणाच्या खिशातल्या फोनमध्ये नसल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. ते आपल्या नावावर घ्या, वर्षभराची योजना भरा आणि संपण्याची तारीख पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

लँडलाइन फायबरवर गेली की प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. फायबरही त्याच भिंतीवरून येते आणि तितक्याच सहज कापली जाते. शिवाय तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून वीज मिळत असे, तर फायबरच्या घरातल्या डब्याला आपल्या घरची वीज लागते. मीटरचा बॉक्स बाहेर व्हरांड्यात असेल तर तिथला एक खटका खाली केला की इंटरनेटही जाते आणि फोनही. फायबर घेतलीत तर तो डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर टाका.

आता सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब. पॅनेल धडधाकट असल्याचा निरोप रोज ठरलेल्या वेळी आला पाहिजे आणि तो आला नाही तर कुणीतरी विचारपूस केली पाहिजे. अलार्मचे निरोप घेऊन त्यांवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख केंद्राची सेवा घेणाऱ्यांना हे ओळखीचे असेल. कॉन्टॅक्ट आयडी या संदेशपद्धतीत नियमित चाचणीसाठी ६०२ आणि लाइन बिघाडासाठी ३५१ असे वेगळे क्रमांकच ठरलेले आहेत. युरोपातील ईएन ५०१३६ या मानकात तर वाट बंद पडल्याचे किती वेळात कळले पाहिजे यावरून तिची प्रतवारी होते: साध्या प्रतीला २५ तास चालतात, वरच्या प्रतींना तीन मिनिटे किंवा नव्वद सेकंद. आपण केंद्राशिवाय स्वतःच लक्ष ठेवणार असलात, तर रोज रात्री नऊचा एसएमएस लावून घ्या. पण रोज येणारी गोष्ट एखाद्या दिवशी आली नाही, हे माणसाच्या सहज लक्षात येत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे जमल्यास संपर्क तुटताच मोबाइलवर आपणहून सूचना देणारे ॲप असलेला संच निवडा. थोडे जास्त पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत.

पॅनेलचा डबा दारासमोर नसावा. दार उघडल्यावर कोड टाकण्यासाठी तीस-चाळीस सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात डबा भिंतीवरून उपटता येतो. कीपॅड दाराशी आणि डबा आतल्या खोलीतल्या कपाटात असावा, आणि तो उघडताच भोंगा वाजवणारा टॅम्पर स्विच चालू असावा. बाहेरचा भोंगा स्वतःची बॅटरी असलेला घ्या, म्हणजे त्याची तार कापली तरी तो वाजतो. पॅनेलमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी तीन वर्षांच्या पुढे ठेवत नाही. आपली नऊ वर्षांत कधी बदलली होती, हे वडिलांना विचारा.

एक गोष्ट आई-वडिलांना आज फोनवरच सांगा. रात्री लाइन गेल्याचा भोंगा वाजला, तर काय झाले ते पाहायला दार उघडून बाहेर जायचे नाही. आतून कडी लावायची, बाहेरचे दिवे लावायचे, मोबाइलवरून शेजाऱ्यांना आणि ११२ ला फोन करायचा. तार कापणारा कदाचित अजून भिंतीपलीकडेच उभा असेल. याच कारणाने पॅनेलमधला पहिला नंबर आपला न ठेवता जवळच्या, रात्री फोन उचलणाऱ्या शेजाऱ्यांचा ठेवा. पुण्याहून निघालात तरी आपल्याला पोहोचायला पाच तास लागतील. ११२ मात्र पॅनेलच्या यादीत घालू नका. तिथे माणसाने बोलून पत्ता सांगणे आवश्यक आहे.

ती कापलेली तार अजून तशीच असेल, तर जोडण्यापूर्वी दोन्ही टोकांचे फोटो काढा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, चोरी झाली नसली तरी. अलार्म काय करतो हे आधी अजमावून पाहण्यासाठी तार कापून ठेवतात आणि मग काही दिवसांनी येतात, असे प्रकार आमच्याकडे झाले आहेत, म्हणून लाइनची देखरेख चालू करण्याचे काम या आठवड्यातच उरकून घ्या. सिम आणि बॅटरी त्यानंतर झाली तरी चालेल, आणि पाइप सर्वांत शेवटी. पॅनेलच्या आतल्या पाटीचा फोटो इथे टाकलात तर त्या मॉडेलमध्ये ही सोय कुठे चालू करायची ते मी सांगेन. फोटोत इन्स्टॉलर कोड (पॅनेलच्या सेटिंग बदलण्याचा तंत्रज्ञाचा गुप्त क्रमांक) दिसणार नाही, एवढी काळजी घ्या.