वेषांतराची कथा लिहितोयस? आधी एवढंच बघ

पहिल्याच कथेला वेषांतराचा ट्रोप (कथांमध्ये पुन्हा पुन्हा येणारी ठरावीक कल्पना) घेतलास, मस्त, माझा सगळ्यात आवडता. आधी महाभारतातलं विराटपर्व वाच. अज्ञातवासाचं वर्ष, भीम बल्लव नावाने स्वैपाकघरात, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नाच शिकवतोय, आणि हे आपल्याला पहिल्यापासून माहितीये पण विराट राजाच्या दरबारात कुणालाच नाही, सगळी मजा तिथेच. राणीचा भाऊ कीचक रात्री नृत्यशाळेत येतो, अंधारात पलंगावर सैरंध्रीच (म्हणजे वेषांतर केलेली द्रौपदी) आहे समजून हात लावतो आणि तिथे भीम! तो हात पुढे जाताना आपण श्वास रोखून बसतो.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- गुपित वाचकापासूनही लपवतात. शेवटी एक धक्का मिळतो, पण मधली सगळी पानं कोरडी जातात.
- ओळख फुटली तर काय होईल ते सांगतच नाहीत. पांडवांना परत १२ वर्षं वनवास होता, म्हणून तर जीव टांगणीला लागतो.

उपकथानकं वगैरे आत्ता डोक्यातही आणू नकोस. एक पात्र, एक गुपित आणि ते फुटता फुटता वाचलं असा एकच प्रसंग लिही, मी नक्की वाचेन.